मलेच काहून?

आमच्या ऑफिसातल्या काळबांडेसाहेबांचा फोनवर विश्वास नाही. इंटरकॉमवरून मी म्हटलं, "साहेब, प्रिंटर अडला," की ते म्हणतात, "ठेवा." मग उठून माझ्या टेबलाशी येतात, मला नीट न्याहाळतात आणि समाधानाने म्हणतात, "हो, तुमीच आहा." त्यानंतर प्रिंटर.

आमच्या बियाणे कंपनीचं मुख्य ऑफिस अमरावतीत. काळबांडे तिथले कॉम्प्युटरवाले आणि मी त्यांच्या शेजारच्या पार्टिशनात, हिशेब विभागात. माणूस मोर्शीचा, आवाज खणखणीत. फसव्या मेलपासून ऑफिसला वाचवणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांच्या अंगातच आलेलं. "मेल आला का पयलं स्वतःले इचारायचं, मलेच काहून? एवढ्या दुनियेत लॉटरी मलेच काहून? बँकेच्या साहेबाले माह्याच खात्याची चिंता काहून?"

नुसतं सांगून भागत नाही, म्हणून ते स्वतःच खोटे मेल पाठवून आमची परीक्षा घेत. ते मेल भुताने लिहिल्यासारखे असत. मुलीच्या निकालाची काळजी मी घरीसुद्धा बोलले नव्हते, आणि त्याच दुपारी मेल आला, 'निकालात दुरुस्ती, येथे पाहा.' मी दाबलं. स्क्रीन काळाठिक्कर पडला आणि मधोमध पांढरी अक्षरं उमटली, 'मॅडम, मी होतो म्हून वाचल्या.' पार्टिशनवरून दोन डोळे माझ्याकडे पाहत होते. स्टोअरमधल्या गावंडेंना गुडघ्याच्या ऑपरेशनचा मेल आला. गुडघेदुखी त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. "याले समजते तरी कसं?" ते माझ्या कानात कुजबुजले. तेव्हापासून ते काळबांडेंसमोर लंगडेनासे झाले.

काळबांडेंच्या पत्नी, वर्षाताई, आमच्याच ऑफिसात डिस्पॅचला होत्या. माझी आणि त्यांची खुर्ची पाठीला पाठ लावून. गेल्या वर्षी आजारपणात त्या गेल्या. तेरावं झाल्यावर काळबांडे कामावर आले ते थेट सर्व्हरच्या खोलीत शिरले. त्या विषयावर त्यांनी कुणाला बोलू दिलं नाही. खुर्ची तेवढी तशीच राहिली.

पितृपक्ष चालू होता. आभाळ भरून आलेलं, भर दुपारी ट्यूबलाइट लावावे लागले होते. हरभऱ्याच्या बियाण्याच्या ऑर्डरींमुळे सगळे मान खाली घालून कामात. तेवढ्यात दाराजवळच्या टेबलावर मेल आल्याचा टिंग आवाज झाला. मग त्याच्या अलीकडच्या टेबलावर. मग आणखी अलीकडे. कुणीतरी एकेका टेबलाशी थांबत हॉलमधून चालत यावं, तसा तो आवाज माझ्यापर्यंत आला.

पाठवणारीचं नाव होतं, वर्षा काळबांडे.

'जोडलेली फाईल आजच उघडा,' एवढी एकच ओळ. आणि तिच्याखाली वर्षाताईंनी मला कधीतरी चहाला बोलावताना लिहिलेला जुना मेल, 'मंदा, मी खाली थांबली आहे. लवकर ये.'

गावंडेंनी स्क्रीनला हात जोडले. मागे वळून त्या खुर्चीकडे पाहायची माझी छाती होईना. आणि खरं सांगते, माझा हात माउसवर गेला होता. वाटलं, सांगायचं काही राहिलं असेल बिचारीचं.

"कोनी हात नोका लावू!"

काळबांडे माझ्या स्क्रीनसमोर उभे होते.

"साहेब, ही तुमची परीक्षा आहे ना?" मी विचारलं.

"नाही मॅडम. हा मेल माहा नाही."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण दुसऱ्या क्षणी ते धावत सुटले आणि त्यांनी सगळ्या ऑफिसचं नेट तोडलं. अकोटच्या शाखेत एका मुलीने फाईल उघडलीच होती. तिचं मशीन जागच्या जागी कुलूपबंद झालं. बाकीची वाचली.

कुण्या चोराने वर्षाताईंच्या खात्याचा पासवर्ड मिळवला होता आणि त्यांच्या जुन्या मेलांना उत्तरं म्हणून ही फाईल चिकटवून धाडली होती. संध्याकाळी मॅनेजर आले. "काळबांडे, गेलेल्या माणसाचं खातं लगेच बंद करायचं, हा नियम तुमचाच ना?"

"माहाच, साहेब."

"मग हे चालू कसं?"

काळबांडे बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "रोज सकाळी तिले एक मेल लिहितो मी," ते म्हणाले. "वाचाले कोनी नाही, मले माईत हाये. पण पोचते. खातं बंद केलं का वापस येईन ना तो, असा पत्ताच नाही म्हून."

मॅनेजर चष्मा काढून पुसत बसले. शेवटी काळबांडेच उठले. कॉम्प्युटरवर खात्यांची यादी उघडून ते वर्षाताईंच्या नावापर्यंत गेले, बाण 'बंद करा'च्या बटणावर नेऊन ठेवला आणि माउस सोडून दिला.

"मॅडम, तुमी दाबता?"

मी दाबलं. यादीतून नाव गेलं. खालची नावं एकेक ओळ वर सरकली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. या वेळी मी कोण आहे हे त्यांनी तपासलं नाही. "मॅडम, तो सकाळचा मेल... तुमच्या पत्त्यावर टाकला तर चालन का? उघडू नोका. वाचू नोका. फकत वापस याले नोको."

मी हो म्हटलं.

पुढच्या सकाळी मेल आला. न उघडण्याचं मी कबूल केलं होतं, पण राहवलं नाही. आत एवढंच होतं, 'आज पिठलं पुन्हा दगडावानी झालं.'

मी उत्तर लिहिलं, 'पाणी चांगलं उकळू द्या. मग पीठ थोडं थोडं सोडा, आणि हलवत राहा.'

पार्टिशनच्या पलीकडे कीबोर्ड थांबला. मग तो खणखणीत आवाज, पण अगदी हळू, आला.

"अन् लसून केवा टाकू?"