समितीला झोपवलं कुणी?

"आधी माझं वर्णन," दादासाहेब म्हणाले. "पहिल्याच ओळीत वाचकाला कळलं पाहिजे, गाठ कुणाशी आहे ते. लिहा जावईबापू. गरुडाची नजर, हत्तीची स्मरणशक्ती, मुंगीची चिकाटी, आणि..."

"आणि?"

"कोल्ह्याची बुद्धी. पण लबाडी वगळून. कंसात टाका."

मी टाकलं. एवढी जनावरं एका माणसात मावतात याचं मला नवल वाटत नाही. माणूस तसा ऐसपैस आहे.

दादासाहेब म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासून तपासून निवृत्त झाले आणि लगेच दारावर 'खाजगी गुप्तहेर' अशी ठळक पाटी ठोकली. गुप्तहेराने पाटी लावू नये, असं मी भीत भीत सुचवलं होतं. त्यावर म्हणाले, "पाटी नसेल तर गुप्त कोण आहे ते लोकांना कळायचं कसं?" मी त्यांचा सहायक. हे पद मला लग्नात मिळालं. राजीनामा द्यायची सोय नाही, कारण तो जिच्याकडे द्यायचा ती त्यांची बहीण आहे.

तर ही पाटी वाचूनच एका सकाळी विद्यापीठाचे कुलसचिव आमच्या बैठकीत येऊन बसले. घामाघूम झाले होते.

"पोलिसांना बोलावलं तर गवगवा होईल," ते म्हणाले. "आणि चौकशी समिती नेमली तर तिचा अहवाल येईपर्यंत आम्ही सगळे निवृत्त होऊ. म्हणून तुमच्याकडे आलो. आमच्या मूल्यमापन समितीवर विषप्रयोग झालाय."

दादासाहेबांनी डोळे मिटले. हे ते विचार करताना करतात. विचार नसतानाही करतात.

"किती बळी?"

"तिघं. म्हणजे हयात आहेत. झोपले होते."

प्रकरण असं होतं. विद्यापीठातल्या कायम झालेल्या प्राध्यापकांचं काम दर काही वर्षांनी तपासलं जातं. तीन ज्येष्ठ प्राध्यापकांची समिती एका तासाला मागच्या बाकावर बसते, ऐकते आणि शेरा देते. 'उत्कृष्ट', 'समाधानकारक' किंवा 'सुधारणा आवश्यक'.

"कायम म्हणजे काढता येत नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"मग तपासायचं कशाला?"

"काढता येत नाही म्हणूनच तर तपासायचं," कुलसचिव वैतागून म्हणाले. "काढता आलं असतं तर न तपासताच काढलं असतं."

गेल्या आठवड्यात समिती भूगर्भशास्त्राच्या बाईंच्या तासाला बसली. बाईंनी वर्गात फिरवायला एक काळाकभिन्न, वजनदार दगड दिला. दगड बाकाबाकावरून फिरत फिरत मागे अध्यक्षांच्या हातात आला, आणि हातातून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. अध्यक्षांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून शेजारचे दोघे सदस्य दचकून जागे झाले. तेव्हा कुठे वर्गाला कळलं की अख्खी समिती गाढ झोपेत होती. आता समितीचं म्हणणं, आम्हाला गुंगीचं औषध दिलं. आरोप सिद्ध झाला तर बाईंचं कायमपण कायमचं जाणार होतं.

"सिद्ध झालाच समजा," दादासाहेब म्हणाले, आणि टोपी शोधायला उठले. ती त्यांच्या डोक्यावर होती.

अध्यक्ष अर्थशास्त्राचे. पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसले होते. "मी तीस वर्षं सभांना बसतोय," ते म्हणाले. "डुलकी वेगळी, झोप वेगळी. ही झोप होती. मला स्वप्न पडलं."

"कसलं?"

"ते गोपनीय आहे."

दुसरे सदस्य संख्याशास्त्राचे. "तिघांपैकी तिघं झोपले," ते बोट नाचवत म्हणाले. "याला योगायोग म्हणणं शास्त्राला धरून होणार नाही." तिसरे तत्त्वज्ञानाचे. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाले, "मी झोपलो होतो असं लोक म्हणतात. पण तेव्हा मी तिथे साक्षीला नव्हतो." दादासाहेबांनी हे वाक्य मला दोनदा लिहायला लावलं.

बाहेर व्हरांड्यात इतिहासाचे सर भेटले. गुबगुबीत, प्रसन्न. त्यांना नुकतंच 'उत्कृष्ट' मिळालं होतं.

"तुमच्या तासाला समिती झोपली होती?" दादासाहेबांनी दरडावून विचारलं.

"मी समितीला त्रास देत नाही," सर मधाळ हसून म्हणाले. "मागच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतो. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते हो. आणि मी मुळातच हळू बोलतो."

सर गेल्यावर दादासाहेब माझ्या कानाशी लागले. "बघितलंत? किती निरागस माणूस! याला या कटातलं काहीच माहीत नाही." मला काहीतरी खटकलं होतं, पण माझ्या खटकण्याला आमच्या कचेरीत किंमत नाही.

भूगर्भशास्त्राच्या खोलीत भिंतभर दगड होते आणि त्यांच्यामध्ये बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बोटांवर खडूची भुकटी. मुलं त्यांना खडकबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"हाच तो दगड?" दादासाहेबांनी भिंग काढलं, दगड हुंगला, आणि मग, सांगायला लाज वाटते, जिभेने चाटला. "चव खारट! यातून वायू निघत असणार!"

"तुमचा घाम असेल," बाई म्हणाल्या. "पण चाटलात ते बरं केलंत. आम्हीही चाटतो. ओला झाला की कण नीट दिसतात."

"तासाआधी समितीने घेतलेल्या चहात काय घातलं होतंत?"

"चहा मी दिला नाही. कुणी दिला तेही माहीत नाही." त्यांनी दगड पदराने पुसून जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कितीतरी वर्षांनी मोठी माणसं माझ्या तासाला येऊन बसली होती. मी नवी साडी नेसले होते. मी ज्वालामुखीचं सांगत होते हो! ज्वालामुखीवर कुणी झोपतं का? घरी जाऊन तोच तास मुलीला ऐकवला. ती म्हणाली, आई, मला नाही गं झोप आली. पण ती माझीच मुलगी. ती आणखी काय म्हणणार?"

मला भरून आलं. दादासाहेबांनी मात्र बाहेर पडल्यावर जाहीर केलं, "बाई मुरलेली गुन्हेगार आहे. साडी नवी, म्हणजे पूर्वतयारी!"

मग त्यांनी गुन्ह्याची पुनर्रचना मांडली. समितीने त्या दिवशी जे केलं ते सगळं स्वतः करायचं. समिती जिथे थांबली होती त्या अतिथीगृहात जायचं, तिथेच जेवायचं, आणि दुपारच्या त्याच तासाला त्याच बाकावर बसायचं. फक्त चहाला हात लावायचा नाही, आणि दगड आलाच तर नाकाला रुमाल. मला त्यांनी चहाच्या किटलीवर पहारा द्यायला बसवलं. आत काट्याचमच्यांचा आवाज आणि दादासाहेबांचं "अजून थोडं वाढा" अधूनमधून ऐकू येत होतं. मी किटलीकडे बघत होतो. किटलीने संशयास्पद असं काही केलं नाही.

दुपारी आम्ही मागच्या बाकावर बसलो. पंखा गरगरत होता. बाईंनी खडू उचलला आणि सुरुवात केली, आणि मी सगळं विसरलो. एक डोंगर कसा तापला, कसा फुगला, कसा फुटला, आणि आपण ज्या फरशीवर आत्ता पाय ठेवून बसलोय ती कधीकाळी वाहत होती! मुलं पुढे सरकून ऐकत होती. एकाने शंका विचारली, बाईंनी त्याला फळ्यापाशी बोलावून त्याच्याकडूनच उत्तर काढून घेतलं. माझ्या शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी आज कुणाचा सहायक नसतो. बाई "आणि मग जमीन हादरली!" म्हणाल्या तेवढ्यात माझ्या शेजारून घरघर ऐकू आली. मला वाटलं नमुन्यादाखल भूकंप आणलाय. बघतो तर दादासाहेब. मान छातीवर, भिंग मांडीवर, तोंड उघडं.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. पण तास त्यांनी पुरा केला.

"मला झोपवलं!" घरी येताना दादासाहेब ओरडत होते. "चहा प्यायलो नाही, म्हणजे चहा सुटला. नाकाला रुमाल होता, म्हणजे दगड सुटला. उरला बाईंचा आवाज. हे संमोहन आहे, जावईबापू!"

"पण मी जागा होतो."

"संमोहनाला मन लागतं," ते म्हणाले.

घरी बायकोने आम्हाला पानावर बसवलं. मी भुकेने कासावीस झालो होतो, तुटून पडलो. दादासाहेबांनी ताट सरकवलं. "मला नको. दुपारचंच अजून गळ्याशी आहे."

"दादा, दुपारी कुठे जेवलास?"

दादासाहेबांनी पुनर्रचना समजावून सांगितली. दाट सूप, तळलेलं तीन प्रकारचं, भात, दोन गोड पदार्थ, वर आग्रह. "त्या दिवशी समितीचा बेत हाच होता. मीही काही सोडलं नाही. तपासात हयगय चालत नाही."

"आणि हे?" तिने माझ्याकडे बोट केलं.

"मी किटलीजवळ होतो," मी भरल्या तोंडाने म्हणालो.

"म्हणजे जे दाबून जेवले ते झोपले आणि हे उपाशी होते ते जागे राहिले," बायको म्हणाली. "अरे दादा, एवढं हादडल्यावर भर दुपारी पंख्याखाली बसलास तर झोप येईल नाहीतर काय भजनं सुचतील? त्या बिचाऱ्या बाईंना कशाला छळताय?" आणि ती ताक आणायला आत गेली.

दादासाहेबांनी भिंग काढून पुसायला घेतलं. मग म्हणाले, "हे माझ्या जिभेवरच होतं." खरंच होतं, त्या दोन गोड पदार्थांसकट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुलसचिवांसमोर निकाल दिला. गुन्हेगार : दुपारचं जेवण. पुरावा : स्वतः. कुलसचिवांनी डोक्याला हात लावला, कारण तो बेत त्यांनीच ठरवलेला होता.

उपाय एकच होता. समितीने पुन्हा बसायचं, सकाळी, न जेवता. अध्यक्ष लंगडत आले. संख्याशास्त्राच्या पोटातून अधूनमधून गुरगुर येत होती. बाई आल्या त्या जुन्याच साडीत. पहिली काही वाक्यं अडखळली. मग डोंगर तापू लागला, आणि बाईंचं अडखळणं थांबलं. थोड्या वेळाने अध्यक्षांनी दुखरा पाय खाली ठेवून मान पुढे काढली. दगड फिरत आला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि शेजारच्याला देईनातच. तास संपला तरी तिघं उठले नाहीत. अध्यक्षांनी वर्गात हात वर केला. "बाई, मग हा डोंगर पुन्हा फुटेल का?" बाई म्हणाल्या, "हा नाही. पण शेजारच्याचं सांगता येत नाही." मुलं खो खो हसली. अध्यक्षही हसले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण विद्यापीठात गोष्टी संपत नाहीत, त्यांच्यावर बैठक बोलावतात. कुणीतरी शंका काढली : बाईंचा तास दुपारचा म्हणून समिती झोपली, तर बाकीच्यांचे तासही दुपारचेच होते. मग त्यांची 'उत्कृष्ट' कुणी जागेपणी दिली होती का? सगळ्यांचं मूल्यमापन पुन्हा सकाळी, उपाशीपोटी करावं, असा ठराव आला आणि इतिहासाचे मृदुभाषी सर चक्क ओरडले, "हा आमच्या पोटावर पाय आहे!" त्यावर इतक्या टाळ्या पडल्या की तत्त्वज्ञानाचे सदस्य जागे झाले. अखेर सर्वानुमते ठरलं ते असं : झालेलं मूल्यमापन ग्राह्य धरावं. जेवणाची प्रथा चालू ठेवावी. तासाला बसणं यापुढे ऐच्छिक करावं.

राहिला बाईंचा शेरा. समिती त्यांच्या तासाला खरोखर जागी होती, त्यामुळे तिला लिहिण्यासारखं बरंच सापडलं. 'विषयाची गोडी लावतात. वेळेचं भान सुटतं. फळ्यावरचं अक्षर तिरकं जातं. एकंदर : समाधानकारक.' अख्ख्या विद्यापीठात 'उत्कृष्ट' न मिळालेल्या त्या एकट्याच निघाल्या.

दादासाहेब पेढीची कीर्ती वाढवायला पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले, म्हणून बाईंचा निरोप घ्यायला मी एकटाच गेलो. "बाई, हा अन्याय आहे," मी म्हणालो. "झोपेत सगळ्यांना उत्कृष्ट दिलं आणि जागेपणी तुम्हाला हे!"

बाईंनी चष्मा लावून तो शेरा पुन्हा एकदा वाचला. चेहरा असा, की जणू पोरीच्या पहिल्या पगाराची बातमी वाचताहेत.

"अक्षर तिरकं जातं म्हणतात," त्या हलकेच म्हणाल्या. "इतकी वर्षं शिकवतेय, मला कुणी सांगितलंच नाही. सांगणार कसं? त्यासाठी आधी फळ्याकडे बघावं लागतं."

घंटा झाली. मुलं आत येऊ लागली. बाईंनी खडू घेतला, एक ओळ लिहिली, दोन पावलं मागे सरकून मान वाकडी करून पाहिली, पुसली, आणि जीभ दातांत धरून पुन्हा लिहिली. ती पहिलीपेक्षा तिरकी आली. पहिल्या बाकावरची पोरगी फिसकन हसली, आणि बाईही हसल्या. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.