आबांची हाक गाळताना

माझा मेहुणा बिरू चिवडा खात नाही. चिवड्याची चौकशी करतो. बशी पुढ्यात आली की एकेक दाणा उचलून डोळ्यांसमोर धरतो आणि पुटपुटतो, "शेंगदाणा? व्हय का न्हाय?" व्हय असेल तो वाटीत. मग वाटीतल्या शेंगदाण्यांची दुसरी चौकशी, "खवट? व्हय का न्हाय?" तोवर चहावर साय धरते. खवट निघालेले दाणे माझ्याकडं येतात. जावयाचा मान म्हणतात तो बहुधा हाच.

बिरू जळकोटला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबचे प्रोग्रॅम लिहितो. त्यांच्या घरात सगळ्यांनी मेंढरं राखली, हा आकडे राखतो. म्हणजे नेमकं काय करतोस, असं मी एकदा विचारून बसलो. त्यानं सरळ फडताळातला शेंगदाण्याचा डबा माझ्यापुढं आदळला.

"दाजी, ह्यो टाइप्ड अ‍ॅरे समजा, म्हंजे आकड्यांची रांग. ह्यात एकाच जातीचा माल. आकडे म्हंजे आकडेच, दुसरं कायबी घुसायचं न्हाय. आता ह्याला फिल्टर लावायचा. दारात एक प्रश्न उभा करायचा आन् दर आकड्याला त्योच इचारायचा. व्हय म्हणला त्यो नव्या डब्यात."

"आणि न्हाय म्हणाला तो?"

"जुन्या डब्यात सगळेच ऱ्हातात की! मूळ मालाला धक्का न्हाय. गाळलेल्यांचा डबा येगळा, पर जात तीच."

"मग चिवडाही असा धक्का न लावता का गाळत नाहीस?"

"चिवड्याची नक्कल निघत न्हाय, दाजी," तो खरोखरच दुःखानं म्हणाला.

हाच 'व्हय का न्हाय' घेऊन तो तामलवाडीला मुलगी बघायला गेला. पोहे आले तसं यानं सुरू केलं, "गावात ऱ्हायला जमंल? व्हय का न्हाय? मेंढरांचा वास चालंल? व्हय का न्हाय?" मुलगी खमकी. सगळ्याला उत्तरं दिली आणि म्हणाली, "मी पसंत हाय का? व्हय का न्हाय?" बिरूला घाम फुटला. "इचार करून सांगतो," म्हणाला. परतताना माझी बायको सुनंदा आपल्या भावाला म्हणाली, "तुला कुणी गाळायची गरजच न्हाय रे. तू आपसूकच मागं ऱ्हातोस." तो हसला. अजून तो आणि सासूबाई, दोघंच असतात घरात.

माझे सासरे, म्हणजे आबा, गेले त्याच्या आधी बिरूनं मोबाईलवर त्यांची हाक भरून ठेवली होती. सांजेला माळावरून मेंढरं बोलवायची हाक. सासूबाईंना ती ऐकायची फार आस. पण आता कान मंद झालेले. मोबाईल कानाला लावायच्या आणि म्हणायच्या, "नुसतं वारंच हाय ह्यात."

यंदा दिवाळीला आम्ही गेलो, तर बिरू ते वारं काढायला बसलेला. आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांगच, असं त्याचं म्हणणं. रांगेचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला विचारायचं, मोठा हायेस का? बारीक आवाजाचे तुकडे गळाले की उरतील नुसते आबा. फराळसुद्धा न निवडता खात होता, त्यावरून तो त्यात किती बुडालाय ते मी ओळखलं.

दुपारी त्यानं आईला लॅपटॉपपुढं बसवलं. हाक खणखणीत आली. "हुर्र ये, हुर्र ये, हुर्र ये..." एकीला लागून दुसरी, मधे श्वासालाही जागा नाही. सुटणाऱ्या एसटीचा कंडक्टर ओरडावा तशी.

"ह्यो कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"आबा हायेत, आये."

"छ्या. त्यांनी असं धापा टाकत कधी बोलवलं? हाक मारायचे आन् थांबायचे. मागं ऱ्हायलेल्या मेंढीला यायला येळ लागतो का न्हाय?" मग त्या पडद्याकडं वाकल्या. "आन् तिची घंटी कुठं गेली?"

"लई बारीक व्हती, आये. गाळली."

"गाळली व्हय," एवढंच म्हणून त्या उठायला लागल्या.

बिरूनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. मूळची फाईल तशीच होती; ती लावली, वाऱ्यासकट. इअरफोनची एक गोळी आईच्या कानात घातली, दुसरी स्वतःच्या. वायर आखूड, म्हणून डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. आवाज वाढवत नेला.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. सासूबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला, तेवढं दिसलं. मग दोघंही कान देऊन बसले. बराच वेळ तसंच. "संपलं का?" मी विचारलं. बिरूनं माझ्याकडं न बघता बोट ओठांवर ठेवलं. डोळे मिटलेले होते त्याचे.

"आली बघ," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं मान हलवली. आणि दोघं पुढच्या मेंढीसाठी थांबले.