फ्रिजपलीकडची बायको

चालू फ्रिजची पाठ कापणारा माणूस एक तर चोर असतो, नाही तर कलावंत. चोराला निदान आपण काय करतोय हे ठाऊक असतं. या गोष्टीतल्या गृहस्थाने रविवारी सकाळी, बायको भाजी आणायला गेली असताना, घरातल्या फ्रिजची पाठ कापून काढली, आतले कप्पे उपसून पलंगावर मांडले आणि उरलेलं धूड ओढत नेऊन स्वयंपाकघराच्या दारात घट्ट बसवलं. वरची मोकळी जागा काळ्या चादरीने झाकली. बायको परत आली तेव्हा दूध, अंडी आणि कालची भाजी खिडकीत ऊन खात बसली होती.

"हे काय?"

"दार."

"कसलं दार?"

"दुसऱ्या जगात जायचं."

बायकोने पिशवी खाली ठेवली. "मला स्वयंपाकघरात जायचंय."

"मग जा की! यातूनच जायचं. जरा वाकून."

गृहस्थ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. बारा वर्षं लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून खपलेल्या या माणसाला घरातलं किती दिसत होतं, ते पुढे येईलच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगाच नाही. पण आता ते दुकानातून रजा घेऊन दिग्दर्शक झाले होते. चित्रपट समांतर जगांचा होता. एका माणसाची बायको त्याला सोडून जाते. मग त्याला कळतं, की आपल्या फ्रिजच्या पलीकडे हुबेहूब असंच दुसरं घर आहे आणि तिथली बायको गेलेली नाही. एवढीच गोष्ट. तिच्यासाठी एक घर, एक फ्रिज आणि एक बायको लागत होती, आणि तिन्ही दिग्दर्शकांकडे आयती होती.

"आठ दिवसांचं काम आहे," ते म्हणाले. बायकोही हो म्हणाली. का म्हणाली, ते तिलाच विचारा. बारा वर्षांत नवरा पहिल्यांदाच कशासाठी तरी एवढा उजळला होता, हे एक कारण असावं.

कॅमेरा लग्नवाल्याचा होता. लग्नवाला म्हणजे लग्नांचं शूटिंग करणारा दिग्दर्शकांचा जुना मित्र. माणूस मोठा गुणी, पण हाताला वळण लग्नाचं. नायिका रडत असली तरी हा कॅमेऱ्यामागून म्हणायचा, "वहिनी, इकडे बघून जरा हसा." शिवाय तो कॅमेरा कधी बंद करत नसे. "पाठवणीच्या वेळी कोण कधी रडेल, नेम नाही," हे त्याचं शास्त्र. नायक म्हणून आणलेला माणूस दुसऱ्याच दिवशी फ्रिजमध्ये अडकला. त्याला तेल लावून सोडवावं लागलं, आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. तेव्हा नायकही दिग्दर्शकच झाले.

आता दोन जगांमधला फरक दाखवायचा कसा? दिग्दर्शकांनी युक्ती काढली. इकडच्या बायकोचा भांग डावीकडे, घड्याळ डाव्या हातात, आणि ती नवऱ्याला 'अहो' म्हणणार. तिकडच्या बायकोचा भांग उजवीकडे, घड्याळ उजव्या हातात, आणि ती म्हणणार 'अरे'. इकडचा नवरा वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसणार. तिकडचा वर्तमानपत्र बाजूला ठेवणार.

"म्हणजे इकडचं काही नवीन करायलाच नको," बायको म्हणाली. दिग्दर्शकांनी ते नीट ऐकलं नाही. ते भांग बघत होते.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. बायको सकाळी फ्रिजमधून वाकून चहा आणायची, मग दवाखान्यात जायची. तिथे ती पुढच्या टेबलावर बसून पेशंटांना नंबराने आत सोडायची. संध्याकाळी येऊन पुन्हा भांग पाडायची, कधी डावा, कधी उजवा. दूध रोज नासायचं. पाठीत उसण भरली, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. बोलली ती वेगळंच.

"अहो, दवाखान्याची दुसऱ्या गावात नवी शाखा निघतेय. तिथला पुढचा सगळा कारभार मला देतायत. एकतीस तारखेच्या आत सांगायचंय. जाऊ का?"

"थांब थांब," दिग्दर्शक म्हणाले, "उजेड जातोय."

चार दिवसांनी भांडणाच्या सीनमध्ये, कॅमेरा चालू असताना तिने पुन्हा विचारलं. भांग डावीकडे होता, घड्याळ डाव्या हातात होतं. "अहो, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही जाणार. पण काहीतरी म्हणा."

"कट!" दिग्दर्शक वर्तमानपत्रामागून ओरडले. "हे संवादात नाहीये. पण छान आहे! ठेवू या!"

या भांडणाच्या सीनने खालच्या काकू वर आल्या. भिंती पातळ, त्यात बारा वेळा तेच भांडण. पहिल्यांदा आल्या त्या डोळ्यांत पाणी आणून. "पोरी, संसारात असं व्हायचंच. दोघांनी एकेक पाऊल मागे घ्यावं." त्यांना शूटिंग असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तेव्हा पुन्हा सांगितलं. मग त्या यायच्या थांबल्या आणि खालूनच दाद द्यायला लागल्या. "आजचं कालच्यापेक्षा बरं झालं गं!"

तिकडच्या जगाचा सीन त्या मानाने सोपा होता. बायको कामावरून येते. नवरा वर्तमानपत्र बाजूला ठेवतो, खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, "दमलीस का? बस. आज काय काय झालं, सांग."

दिग्दर्शकांनी हे वाक्य इतक्या मायेने म्हटलं, की लग्नवाल्यालाही गहिवरून आलं. बायको खुर्चीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली.

"कट! अगं, रडतेस काय? तिकडे तू सुखी आहेस!"

बायकोने डोळे पुसले. "हे वाक्य तुम्ही लिहिलंय?"

"मग? कोण लिहिणार?"

"नाही, म्हटलं, सुचतं तर तुम्हाला," ती म्हणाली आणि भांग नीट करायला उठली.

खरी गाडी अडली ती शेवटच्या सीनवर. इकडची बायको बॅग घेऊन घर सोडते. दारात वळते आणि एकच शब्द बोलते, 'जाते.' तिकडची बायको नुसती कामाला निघते आणि म्हणते, 'येते रे.' साऱ्या चित्रपटाचा जीव या दोन शब्दांत होता. 'येते रे' पहिल्याच झटक्यात झालं. 'जाते' काही केल्या होईना. बायको वर्तमानपत्रं भरलेली बॅग उचलायची, दारात वळायची, चेहरा असा करायची की बघणाऱ्याचं काळीज हलावं, आणि म्हणायची, "येते."

"जाते! जाते म्हण!"

"अहो, तोंडातून निघतच नाही. आई रागवायची. घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं."

"पण ही परत येणार नाहीये!"

"ते तिला ठाऊक. तोंडाला काय ठाऊक?"

लग्नवाला जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर टेकचा आकडा लिहायचा. एका संध्याकाळी त्याच्याकडच्या पत्रिका संपल्या. सतरा 'येते' झाले होते. दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. "माझ्या चित्रपटाची वाट लागतेय ती तुझ्या या एका शब्दापायी! तुला साधं जाता येत नाही?"

त्या दिवशी तीस तारीख होती. बायकोने हातातली बॅग खाली ठेवली. मग तिने तोंड उघडलं आणि तीन महिन्यांचं सगळं बाहेर आलं. फ्रिज, दूध, पाठ, तिने विचारलेलं आणि त्यांनी न ऐकलेलं. तिने नव्या शाखेचं नावही घेतलं. आवाज पार जिन्यापर्यंत गेला असेल. कोणीतरी वर यावं, एकेक पाऊल मागे घ्या म्हणावं, असा जर कधी प्रसंग होता, तर तो हाच. लांडगा आला रे आलाच्या गोष्टीत पुढे काय होतं, ते सर्वांना माहीत आहे.

खालून काकूंचा आवाज आला, "वा गं! आज अगदी खरं वाटलं!"

बायकोने वर्तमानपत्रांची बॅग टेबलाखाली सरकवली. दिग्दर्शकांना वाईट वाटत होतं, हे कबूल करायला हवं. उद्या हिच्याशी नीट बोलायचं, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. फक्त उद्या सकाळचा उजेड चांगला असतो, तेवढा शेवटचा सीन उरकला, की मग.

सकाळी लग्नवाला कॅमेरा लावून बसला. फ्रिजचं दार उघडलं आणि आधी बॅग आली. ती मध्येच अडकली. दिग्दर्शकांनी धावत जाऊन ती ओढून काढली आणि खूश झाले. "वजन छान दिसतंय हं! आधीची फार हलकी वाटायची." मागून वाकून बायको आली. तिने बॅग उचलली. दारापर्यंत गेली. वळली. केस घाईत बांधलेले, भांग ना डावीकडे ना उजवीकडे. दिग्दर्शकांच्या हे ध्यानात आलं आणि ते ओरडणारही होते, पण तेवढ्यात ती बोलली.

"अहो, जाते."

चेहऱ्यावर काही नाही. रडणं नाही, राग नाही. नंबर पुकारावा तसा तो शब्द आला आणि ती निघून गेली.

"कट! ओके!" दिग्दर्शकांनी उडी मारली. "बघितलंस? याला म्हणतात अभिनय! सतरा टेक घेतले म्हणून आज हे मिळालं! अगं, ये आत! झालं!"

कोणी आत आलं नाही. खाली कुणाचा तरी मिक्सर घरघरत होता. लग्नवाला कॅमेऱ्यामागून उठला आणि टेबलाखाली बोट दाखवत हळूच म्हणाला, "दादा, पेपरवाली बॅग तर इथेच आहे."

दिग्दर्शक चपला न घालता जिना उतरले. खालच्या काकू आत मिक्सर चालू ठेवून दारात उभ्या होत्या. "आत्ताच गाडीत बसली. रस्त्यावरचं पण घेताय का? मग आधी सांगायचं, मी खिडकीतले कपडे काढले असते."

दोन महिने गेले. दिग्दर्शकांनी फ्रिज दारातून काढून गॅलरीत ठेवला. स्वयंपाकघराची वाट मोकळी झाली, तरी ते तिथून जाताना वाकायचे. पाठीला सवय झाली होती. पलीकडे गेलं की तिथेही तेच घर होतं आणि तिथेही कोणी नव्हतं. चित्रपट जोडताना लग्नवाल्याने ती गोष्ट सांगितली, जी दोघांनाही नको होती. "शेवटच्या शॉटमध्ये 'जाते'वर मिक्सर आलाय. शब्दच ऐकू येत नाही. वहिनींना डबिंगला बोलवावं लागेल."

ती आली. सुट्टीच्या दिवशी, तीन तासांचा प्रवास करून. घेतलेलं काम अर्धं सोडायचा तिचा स्वभाव नव्हता. लग्नवाल्याच्या दुकानामागे एक कोंदट खोली होती, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. दिग्दर्शकांनी सकाळपासून तिथे तीनदा झाडू मारला होता. ती आत आल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"दमलीस का?" ते म्हणाले. "बस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "हे कुठलं? इकडचं का तिकडचं?"

"इकडचं."

"उशीर झाला," ती म्हणाली. तरी बसली, पाणी प्यायली. नवीन शाखेत टेबल मोठं आहे, खिडकी आहे, असं तिने सांगितलं. खोली घेतलीय. फ्रिज लहानसा आहे, पण दूध टिकतं. दिग्दर्शक सगळं ऐकत होते. मध्ये एकदा लग्नवाल्याने शॉटमधल्या उजेडाबद्दल काहीतरी विचारलं, तर ते म्हणाले, "थांब, ती बोलतेय."

मग पडद्यावर तो शॉट लागला. पडद्यावरची बाई दारात वळली आणि माइकपुढची बाई म्हणाली, "अहो, जाते." पहिल्याच टेकला. लग्नवाल्याने मान डोलावली. दिग्दर्शकांनी 'ओके' म्हणायचं होतं, ते त्यांना म्हणता आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

बाईंनी पर्स उचलली. शेवटच्या गाडीच्या आधी निघायला हवं होतं. दारापाशी जाऊन, चप्पल पायात सरकवत, मागे न बघताच त्या म्हणाल्या, "येते रे."

दार लागलं. लग्नवाल्याने सवयीप्रमाणे यंत्र बंद केलेलंच नव्हतं. पडद्यावर तिच्या आवाजाची एक छोटीशी रेघ उमटून गेली होती. तो ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिला. येते रे. येते रे.

"दादा, हे पण आलंय. शब्द तिकडचा आहे. पण घड्याळ डाव्या हातात होतं, मी बघितलं." त्याने डोकं खाजवलं. "मग हे कुठे लावू? इकडे का तिकडे?"

दिग्दर्शक उठून चपला शोधायला लागले.

"कुठे लावू नकोस," ते म्हणाले. "थांब. मी तिलाच विचारून येतो."