रिलेचं उदाहरण

दुपारी साडेतीन वाजता मुख्य संपादकांनी नळी मागितली आणि उदाहरणवाल्यांनी आपली पिशवी जवळ ओढली. संपादक ती रोजच मागत आणि उदाहरणवाले रोजच 'उद्या' म्हणत. पण आज संपादकांच्या शेजारी छापखान्याचा माणूस उभा होता, आणि छापखान्याचा माणूस कुठे गंमत म्हणून येत नाही.

"पाच वाजता फर्मा छपाईला लागतोय," संपादक म्हणाले. "एक शब्द अडलाय. तुमचा."

शब्द होता 'रिले'. शब्दकोशाच्या या कचेरीत तो अकरा महिने मुक्कामाला होता. इथे चार टेबलं. पहिल्यावर अर्थवाले, दुसऱ्यावर उच्चारवाले, तिसऱ्यावर व्युत्पत्तीबाई आणि खिडकीपाशी, जिथे उन्हात बसावं लागतं, तिथे उदाहरणवाले. एका शब्दाचा एकच कागद. त्याची गुंडाळी अॅल्युमिनियमच्या नळीत घालायची, दोन्ही टोकांना बुचं लावायची आणि नळी या टेबलावरून त्या टेबलावर द्यायची. नक्कल काढायला सक्त मनाई. एकदा एका शब्दाच्या दोन प्रती निघाल्या होत्या आणि दोन्ही प्रतींवर वेगवेगळी भांडणं झाली होती, तेव्हापासून हा नियम. ज्याच्या हाती नळी, त्याची मान सुळावर.

अर्थवाल्यांनी चार महिने घेऊन चार अर्थ लिहिले. एकाने पळत येऊन दुसऱ्याच्या हाती कांडी द्यायची ती शर्यत. एकाकडून आलेला निरोप पुढे धाडणं. तिकडचा कार्यक्रम इकडे ऐकवणं. आणि विजेच्या पेटीतलं ते छोटं यंत्र, जे जरासा प्रवाह आला की मोठा प्रवाह सुरू करतं. उच्चारवाल्यांनी फक्त तीन आठवडे घेतले आणि त्याबद्दल ते अजून स्वतःचं कौतुक करतात. व्युत्पत्तीबाई मात्र सहा महिने शब्दाच्या मागे लागल्या होत्या. शेवटी त्यांना तो जुन्या फ्रेंचमध्ये सापडला. शिकारीच्या वाटेवर ताज्या दमाचे कुत्रे आधीच ठेवून द्यायचे, पहिले दमले की हे सोडायचे. पुढे कुत्र्यांच्या जागी घोडे आले. मूळ अर्थ, मागे ठेवणं.

उदाहरणवाल्यांचं काम एवढंच, की शब्द वापरून एक वाक्य लिहायचं. लोक बोलतात तसं, खोटं न वाटणारं. अकरा दिवसांत त्यांनी चाळीस वाक्यं लिहून खोडली होती. 'मुले रिले शर्यतीत उत्साहाने भाग घेतात,' हे वाक्य वाचून संपादक म्हणाले होते, "अहो, असं कोण बोलतं? तुमच्या घरी असं बोलतात का?"

घरी काय बोलतात म्हणता! घरी आठ दिवस रिलेशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यांची नात शाळेच्या संघाची कॅप्टन, चौघींतली शेवटची धावणारी. तीन वर्षं तिच्या संघाच्या हातून कांडी पडत होती आणि तीन वर्षं संघ शेवटचा येत होता. म्हणून कॅप्टनने शाळेची अॅल्युमिनियमची कांडीच घरी आणली होती. स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत ती सुसाट यायची, "घ्या!" म्हणून ओरडायची, गॅलरीच्या दारात हात पुढे करून उभ्या असलेल्या आजोबांनी कांडी घ्यायची आणि चार पावलं कुंड्यांपर्यंत पळायचं. रोज वीस वेळा. आजोबांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते.

"उद्या चार वाजता, आजोबा," काल ती म्हणाली होती. "शेवटच्या रेषेपाशी उभे राहा. मला तुम्ही दिसले पाहिजेत."

"येतो ना!" आजोबा म्हणाले होते. रजा नामंजूर झाली होती, हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. 'आधी वाक्य, मग रजा,' असा अर्जावर शेरा होता. म्हणूनच तर काल ते, नळी कचेरीबाहेर न्यायची नाही हा नियम मोडून, ती घरी घेऊन गेले होते, की रात्रीत वाक्य सुचलं तर बरं.

आता त्यांनी पिशवीतून नळी काढून संपादकांपुढे धरली. संपादक बूच शोधू लागले. बूच नव्हतं. त्यांनी एका टोकाला डोळा लावला. पलीकडच्या टोकातून त्यांना उदाहरणवाल्यांचा डोळा दिसला आणि तो भरून आलेला होता.

"ही आरपार आहे!"

"ही... ही शाळेची कांडी आहे, साहेब. आपली नळी..."

"अकरा महिने!" अर्थवाले किंचाळले. व्युत्पत्तीबाई नुसत्या खुर्चीत बसल्या आणि ते जास्त वाईट होतं.

उदाहरणवाल्यांनी घरी फोन लावला. "अगं, पोरीने माझी नळी नेली! शाळेत कळव, त्यात महत्त्वाचा कागद आहे म्हणावं. जिवापाड जपा!" आजींकडे शाळेचा नंबर नव्हता. त्यांनी सुनेला कळवलं. सूनबाई मीटिंगमध्ये होत्या. त्यांनी शाळेच्या कारकुनाला घाईने सांगितलं, "नळीला जपा, फार महत्त्वाची आहे." कारकुनाने खिडकीतून मैदानावर हाक मारून खेळाच्या बाईंना सांगितलं, "कांडीला जपायचंय हो! वरून निरोप आलाय!" बाईंनी चौघी मुलींना जवळ घेतलं आणि डोळे वटारून बजावलं, "आज कांडी पडली तर माझ्याशी गाठ आहे."

निरोप पोचला, पण त्यातला 'कागद' वाटेतच कुणीतरी मागे ठेवला होता.

उदाहरणवाले उन्हातून तीन चौक पळाले. मागून छापखान्याचा माणूस पळत होता, कारण संपादकांनी त्याला सांगितलं होतं, "यांना नजरेआड होऊ देऊ नका." मैदानाच्या फाटकात शिरेपर्यंत शिट्टी झाली होती. आणि बघतात तर काय, पहिल्या मुलीने नळी दुसरीला दिली, दुसरीने तिसरीला, आणि एकीच्याही हातून ती पडली नाही! बाईंचा धाक म्हणजे धाक. तिसरीने जेव्हा नळी कॅप्टनच्या हाती दिली, तेव्हा संघ सगळ्यांच्या वीस पावलं पुढे होता.

उदाहरणवाले धापा टाकत शेवटच्या रेषेच्या अलीकडे, दोरीपाशी येऊन उभे राहिले. आता नुसतं दहा मोजायचं होतं. नात रेषा ओलांडणार, टाळ्या वाजणार, नळी आपोआप हातात येणार. कोणीही शहाणा माणूस दहा मोजेल.

पण तेवढ्यात एका टोकाचं बूच उडालं. कागदाचा कोपरा बाहेर आला आणि वाऱ्यावर फडफडायला लागला. अकरा महिने फडफडत होते! उदाहरणवाल्यांचं भान सुटलं. ते दोरीखालून आत घुसले आणि दोन्ही हात पुढे करून ओरडले, "अगं, कागद!"

नातीने मान वर केली. समोर आजोबा. हात पुढे. अगदी गॅलरीच्या दारात उभे असतात तस्से. तिचा चेहरा फुलला.

"घ्या!" ती ओरडली आणि नळी त्यांच्या हातात देऊन मोकळी झाली.

आजोबांनी घेतली. नुसती घेतली असती तर एक वेळ चाललं असतं. पण पायांना सवय लागलेली. ते चार पावलं पळाले आणि थांबले, कारण तिथे कुंड्या असतात. रेषा अजून पाच पावलं पुढे होती. नात मागे गुडघ्यांवर हात ठेवून दम खात समाधानाने हसत होती. तिच्या शेजारून एक मुलगी गेली, मग दुसरी, मग तिसरी.

मग नातीला रेषा दिसली.

"आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "ती तिकडे होती."

संघ सलग चौथ्या वर्षी शेवटचा आला. मैदानाच्या पायरीवर आजोबा डोकं धरून बसले. शेजारी नात, डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण आवाज नाही. बाकीच्या तिघी आजोबांकडे अशा बघत होत्या की मोठ्या माणसानेही घाबरावं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आजोबांना खरोखर वाटत होतं. आयुष्यात पोरीने एक गोष्ट मागितली होती, समोर उभं राहायची. तीसुद्धा धड जमली नाही.

"पावणेपाच," छापखान्याचा माणूस म्हणाला. "कागद द्या."

उदाहरणवाल्यांनी नळीतून कागद काढला. चार अर्थ, उच्चार, कुत्रे, घोडे, सगळं जागच्या जागी होतं. खाली 'उदा.' लिहिलेलं आणि पुढे कोरं.

"इथे काय लिहायचंय?" नातीने नाक पुसत विचारलं.

"या शब्दाचं एक वाक्य. खरंखुरं. मला काही येत नाही गं, बाळा. मला काहीच येत नाही."

"मला येतं. लिहा." तिने हुंदका गिळला. "आजोबांमुळे आम्ही रिले हरलो."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. त्यांनी वाक्य जसंच्या तसं उतरवलं, कारण अकरा दिवसांत त्यांना याहून खरं काही सुचलं नव्हतं. छापखान्याच्या माणसाने ते शाई वाळायच्या आत नेलं. संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "वा! याला म्हणतात उदाहरण! हे एवढे दिवस कुठे दडवून ठेवलं होतंत?"

कोश छापून आला. घरी कोणीही आलं की नात तो जाडजूड ग्रंथ कपाटातून काढते, बरोबर त्या पानावर उघडते आणि आजोबांकडे न बघता पाहुण्यांपुढे धरते. पाहुणे वाचतात, आजोबांकडे बघतात आणि चहाच्या कपात तोंड घालतात. कोशात छापलेलं खोटं कसं म्हणायचं?

परवा ती आपणहून त्यांच्या खुर्चीपाशी आली. चार महिन्यांनी पहिल्यांदा.

"आजोबा, पुढच्या आवृत्तीत वाक्य बदलता येतं का?"

"येतं की!" आजोबांचा जीव भांड्यात पडला. "तू म्हणशील ते घालू."

"मग यंदा आम्ही जिंकतो आणि बदलूया." ती थोडी घुटमळली. मग तिने त्यांचा हात धरला. "पण आजोबा, त्या दिवशी तुम्ही ऑफिसातच बसा हं. शपथ घ्या."

आजोबांनी शपथ घेतली.