अकरा घरची कॉफी

पोटाचं माप घ्यायची सोय असती, तर फमाऊ शिंप्यानं लामू बेटाला निघण्याआधी स्वतःचं आणि शेबे न्हाव्याचं, दोघांचंही माप घेऊन ठेवलं असतं. आयुष्यभर लोकांचे पांढरेशुभ्र पायघोळ कांझू शिवलेला माणूस तो. मापाशिवाय कात्री उचलणं त्याला पाप वाटे. त्यामुळे मोंबासातल्या आपल्या दुकानात बसून त्यानं तिथल्या दिवसभराच्या खाण्याचीसुद्धा खडूनं आखणी केली.

"सकाळी सातला बी झेनाकडे तळलेल्या महामरी पुऱ्या आणि नारळाच्या रसातली तूर," तो म्हणाला. "मग दुपारपर्यंत काही नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?" शेबेनं विचारलं. शेबे समोरच्या दुकानात दाढ्या करी, आणि गिऱ्हाईक नसलं की इथं येऊन बसे.

"काहीच नाही. दुपारी उमर नाखव्याकडे निखाऱ्यावरचा मासा. चारला अवाधचा हलवा. संध्याकाळी बी टिमाची मोफ्याच्या भट्टीतली भाकर. बस्स."

"अरे, पण मधे एखादं केळं, शहाळं?"

"तिनं सांगितलंय, यादीबाहेरचं तोंडात घालायचं नाही."

ती म्हणजे म्वानाखेरी, फमाऊची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं. ती लामूची. लग्न होऊन मोंबासाला आली आणि चाळीस वर्षं नवऱ्याला म्हणत राहिली, "दोन दिवस लामूला जाऊ. मी चुलीला हात लावणार नाही, तुम्ही सुईला लावू नका. नुसतं खाऊ." फमाऊ दर वेळी म्हणे, पुढच्या वर्षी. रमजान आला की ईदचे कांझू, ईद झाली की लग्नसराई. पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. मधल्या काळात तिच्या माहेरचं सगळं गणगोत बेट सोडून पांगलं, आणि फमाऊनं तर लग्नानंतर तिथं पाऊलच टाकलं नव्हतं.

शेवटच्या दोन महिन्यांत तिला घोटभर पेजही जाईना, तेव्हा ती खाण्याविषयी बोलायला लागली. फमाऊनं कापडाच्या मापाच्या कागदावर तिची यादी उतरून घेतली. कुणाच्या हातचं काय, कुठली गल्ली, कुठलं दार. बी टिमाच्या नावापुढे तिनं मुद्दाम लिहायला लावलं होतं, "मीठ कमी घालते. पण तोंडावर सांगू नका." आणि शेवटी म्हणाली होती, "जा, पण रिकाम्या पोटी जा. भरल्या पोटाला माझ्या गावची चव कळायची नाही." फमाऊनं शब्द दिला होता. चाळीस वर्षांत तिला दिलेला एवढा एकच शब्द पाळायचा बाकी होता, आणि तो पाळल्याशिवाय त्याला घास गोड लागत नव्हता. खरं सांगायचं तर वर्षभर कुठलाच लागला नव्हता.

दोघं शुक्रवारी बसनं निघाले, धक्क्यावरून होडीनं बेटावर उतरले आणि म्वानाखेरीच्या आज्ञेप्रमाणे उपाशीच झोपले. शेबे रात्रभर कूस बदलत होता. शनिवारी सकाळी सातच्या ठोक्याला ते बी झेनाच्या दारात उभे राहिले.

दार तिच्या मुलानं उघडलं. तोही आता पिकल्या दाढीचा झाला होता.

"बी झेना आहेत का?" फमाऊनं विचारलं.

त्या माणसाचा चेहरा उतरला. "आई? आईला जाऊन नऊ वर्षं झाली. आपण कुठून आलात?"

"मोंबासाहून."

"मोंबासाहून! आईसाठी! एवढ्या लांबून!" त्याचे डोळे भरून आले. "या, आत या. नऊ वर्षांनी का होईना, कुणाला तरी तिची आठवण झाली."

आता या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा रे, आम्ही तुझ्या आईसाठी नाही, तिच्या महामरीसाठी आलो? यादी चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीतली आहे आणि तेव्हाची माणसं तेव्हाच म्हातारी होती, हे मापाच्या या पक्क्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दोघं निमूट आत गेले. फातिहा म्हटली. शेबे म्हणाला, "फार वाईट झालं." मग रिवाजाप्रमाणे कडू कॉफी आली, बोटाएवढ्या कपात, सोबत एकेक खजूर. कॉफी नाकारणं म्हणजे गेलेल्याचा अपमान; पण खजूर यादीत नव्हता. फमाऊनं तो हळूच खिशात टाकला आणि शेबेकडे असं पाहिलं, की त्यानंही टाकला.

"पहिल्याच घराला अपशकुन," बाहेर आल्यावर शेबे पुटपुटला.

"अजून तीन आहेत," फमाऊ म्हणाला.

उमर नाखवा तीन वर्षांपूर्वी समुद्रावरून परतलाच नव्हता. त्याच्या सुनेनं दोघांना बसवलं, सासऱ्याची होडी कशी फुटली ते सांगितलं आणि दोन-दोन कप कॉफी पाजली. अवाध हलवेवाला तर गेल्याच महिन्यात गेला होता. त्याच्या दुकानाच्या फळ्या लावलेल्या, हलव्याची तांब्याची मोठी कढई अंगणात पालथी घातलेली. त्या कढईच्या कडेला अजून तूप आणि वेलचीचा वास होता. तो नाकात गेला आणि शेबेला रडूच कोसळलं.

"किती माया!" अवाधची बहीण घरातल्या बायकांना म्हणाली. "सख्खा भाऊ एवढा रडला नाही."

"दोन दिवस झाले..." शेबे हुंदका देत म्हणाला.

"नाही हो दादा, महिना झाला."

लामूच्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की समोरून गाढव आलं तर माणसानं भिंतीला चिकटावं. अशा गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. मोंबासाहून दोन सज्जन आलेत आणि अन्नाचा कण न घेता घरोघर जाऊन गेलेल्यांचं दुःख वाटून घेताहेत, हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. दाराबाहेरच्या बाकांवर लोक वाटच पाहत बसले.

"आमचे आजोबा गेले मागच्या पावसात. दोन मिनिटं टेका ना."

"माझी मावशी, तिला तर कुणीच नव्हतं. तुम्ही तरी या."

नाही कसं म्हणणार? मेलेल्याच्या दारावरून कुणी असं पाठ फिरवून जातं का? दोघं आठ घरी टेकले. प्रत्येक घरी फातिहा, प्रत्येक घरी शेबेचं "फार वाईट झालं", प्रत्येक घरी कडू कॉफी. अकराव्या घरातून बाहेर पडले तेव्हा फमाऊचे हात सुईत दोरा ओवण्याच्या कामाचे उरले नव्हते आणि शेबेच्या पोटातून गाढवासारखे आवाज येत होते. दिवसभर लोक आपापल्या माणसाचं नाव घेऊन मोकळेपणी रडत होते, आणि फमाऊच्या तोंडून आपल्या माणसाचं नाव एकदाही निघालं नव्हतं.

बी टिमाच्या दाराशी आल्यावर तर त्याचा हात कडीकडे जाईना. ही यादीतली शेवटची. शेवटी शेबेनंच जवळ बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बी टिमा जिवंत आहेत का?"

"अजून तरी आहे," दारामागून आवाज आला. "का, घाई आहे?"

नव्वदीची, काठीएवढी बारीक म्हातारी दार उघडून उभी होती. "कोण?"

"मी फमाऊ. म्वानाखेरीचा..."

"अगबाई, जावई! आमच्या आळीचे जावई! चाळीस वर्षांनी वाट सापडली होय? बसा." तिनं त्याच्याकडे मान वर करून नीट पाहिलं. "आमची पोर कशी आहे?"

फमाऊनं तोंड उघडलं. अकरा घरी ऐकलेलं वाक्य जिभेवर होतं, फक्त नाव बदलायचं होतं. ते त्याला बदलता आलं नाही.

"बरी आहे," तो म्हणाला.

शेबे जमिनीकडे पाहू लागला.

"असं का," बी टिमा म्हणाली आणि मोफ्याकडे वळली. त्या रांजणासारख्या लहानग्या भट्टीच्या पोटाला तिनं ज्वारीच्या चार भाकरी थापल्या. खरपूस वास सुटला, तसे दोघं पुढे सरकले. म्हातारीनं चारही भाकरी फडक्यात बांधून फमाऊच्या मांडीवर ठेवल्या. "पीठ एवढंच होतं. ह्या तिच्या. वाटेत हात लावायचा नाही, सांगून ठेवते. तुम्हाला काय, गावात कुठंही मिळेल. कॉफी घेणार?"

"नको!" दोघं एकदम ओरडले.

त्या संध्याकाळी शेबेनं बंड केलं. "तुझ्या बायकोनं शब्द तुझ्याकडून घेतला होता, माझ्याकडून नाही!" असं म्हणून तो खाणावळीत शिरला आणि सबंध मासा काट्यांसकट फस्त केला. फमाऊ बाहेर बाकावर गरम गाठोडं धरून बसला होता.

"सोड ना ते. खा एक. कुणाला कळणार आहे?" शेबे बाहेर येऊन म्हणाला.

"माझ्या नाहीत त्या," फमाऊ म्हणाला. "तिच्या आहेत."

शेबे पुन्हा आत गेला आणि भात मागवला.

रविवारी सकाळी दोघं होडीत बसले. गाठोडं आता गार झालं होतं. नावाड्यानं दोर सोडायला घेतला, तसा फमाऊ ताडकन उठला आणि गाठोडं छातीशी धरून, कांझू गुडघ्यापर्यंत वर करून धक्क्यावर चढला. "अरे, होडी सुटतेय! फमाऊ! बस चुकेल!" शेबे ओरडत राहिला.

बी टिमा दारातच बसली होती.

"बी," फमाऊ धापा टाकत म्हणाला, "या भाकरी मला नेता येणार नाहीत. म्वानाखेरी... म्वानाखेरी गेली. वर्ष झालं. काल मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "ती गेली त्याच आठवड्यात इथं कळलं. सगळ्या आळीनं तिच्यासाठी फातिहा म्हटली."

"मग काल विचारलंत का?"

"तुमच्या तोंडून ऐकायला. आधी माणसानं आपलं दुःख सांगावं, मग आम्ही रडतो. काल तुम्ही सगळ्या गावाचं ऐकून घेतलंत, स्वतःचं तेवढं खिशात घालून चाललात." तिनं गाठोडं सोडलं. "गेलेल्या माणसाच्या भाकरी घेऊन कोण घरी जातो? येणारच होतात तुम्ही. बसा. खा."

तिनं कॉफी ओतली. बाराव्या घरची. फमाऊनं भाकरीचा तुकडा मोडला. ती गार होती, थोडी वातड झाली होती. त्यानं सावकाश चावून गिळली.

"कशी आहे?"

त्यानं आणखी एक घास चावला. मग म्हणाला, "मीठ कमी आहे."

बी टिमा हसायला लागली. "तिनंच सांगितलं असणार! सात वर्षांची असल्यापासून हेच म्हणायची मेली!" हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, आणि मग त्या दोघांपैकी कुणी कुणाला आवरलं नाही. वर्षभर गजानं मापून ठेवलेलं रडू फमाऊच्या तोंडून एकदमच बाहेर पडलं.

तेवढ्यात शेबे दारात येऊन थडकला. गुडघ्यापर्यंत भिजलेला, वहाणा हातात. शिव्या त्यानं वाटेतच जुळवून आणल्या होत्या. पण समोर पाहून तो थांबला. वहाणा खाली ठेवून तो फमाऊशेजारी येऊन बसला.

आदल्या दिवशी अकरा अनोळखी घरी जे तो म्हणाला होता, ते फमाऊच्या घरी म्हणायचं वर्षभर राहूनच गेलं होतं. शेजारीच तर होता. कफन त्यानंच आणलं होतं, माणसं त्यानंच जमवली होती, बोलायला वेळ कुठं होता?

"फमाऊ," तो म्हणाला, "फार वाईट झालं रे."

फमाऊनं मान हलवली आणि उरलेली अर्धी भाकर त्याच्या हातात दिली.