मास्तरांचा उजवा पाय

पंधरा दिवसांत टेन्शनचा कायमचा निकाल लावायचा, असं मास्तरांनी ठरवलं. आणि ठरवलं म्हणजे काय, सकाळच्या चहाला बायकोसमोर जाहीरच करून टाकलं. बावीस वर्षं लोकांना मोटार शिकवणारा माणूस. ज्यांना धड सायकल सावरता येत नव्हती, अशांना त्यांनी चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवलं होतं. मग आपल्याच एका शरीराला ताळ्यावर आणायला असे कितीसे दिवस लागणार? बायको म्हणाली, "बघा बुवा," आणि कप विसळायला घेतला. तिचं 'बघा बुवा' मास्तरांना नेहमी शाबासकीसारखं वाटतं. ती शाबासकी नसते, हे त्यांना सांगणार कोण?

झालं होतं असं की मास्तरांना झोप येईना, जेवण पचेना आणि छातीत उगीचच धडधडायला लागलं. पोट सुटून पट्ट्याला टोकाकडे दोन भोकं नवी पाडावी लागली. गाडीची किल्ली हातात धरून ते घरभर गाडीची किल्ली शोधायचे. शेवटी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. म्हणाले, समोर वाघ दिसला की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, कॉर्टिसॉल सोडतं. छाती धडधडते, रक्त हातापायांकडे धावतं, पोटाला सांगितलं जातं की पचनबिचन नंतर, आधी पळ. वाघ गेला की सगळं जागेवर येतं. "मास्तर, तुमची पंचाईत अशी, की तुमचा वाघ दिवसातून आठ वेळा शेजारच्या सीटवर येऊन बसतो आणि रिव्हर्स टाकतो. शरीराला बिचाऱ्याला शांत व्हायला सवडच मिळत नाही. मग झोप जाते, पोट सुटतं, विसरायला होतं, माणूस ज्याच्या त्याच्या अंगावर ओरडतो."

मास्तर ओरडले, "मी ओरडत नाही."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग उपाय सांगितले. रोज चालायचं, वेळेवर झोपायचं, मनातलं कुणाशी तरी बोलायचं. श्वास हळू घ्यायचा आणि त्याहून हळू सोडायचा. आणि जमलंच तर दिवसातली थोडी सूत्रं दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः स्वस्थ बसायचं. चालायला मास्तरांना वेळ नव्हता, झोप त्यांच्या हातात नव्हती, मनातलं बोलणं त्यांना बायकी वाटायचं, आणि सूत्रं दुसऱ्याच्या हाती हा उपाय त्यांनी ऐकलाच नाही. उरला श्वास. तो त्यांनी धरला.

आता शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. शिकणारा चुकला की आपण दाबायचा. मास्तरांचं जुनं मत, की डोक्याला शिकवून काही होत नाही, पायाला शिकवावं लागतं. एकदा पायाला कळलं की डोकं मुकाट्याने मागे येतं. म्हणून दोन शिकवण्यांच्या मध्ये, गाडी बंद करून, ते श्वासाचा सराव करायला लागले, तोही पायासकट. श्वास आत घेताना उजवा पाय उचलायचा, सोडताना हळूच ब्रेकवर टेकवत न्यायचा. वर, खाली. वर, खाली. मनगटाला त्यांनी एक घड्याळही बांधलं. नाडी एकशे दहाच्या वर गेली की ते 'पीं' करतं. ते 'पीं' झालं की मास्तर दचकायचे, दचकले की नाडी आणखी वाढायची, की पुन्हा 'पीं'. पहिल्या दिवशी वीस मिनिटं हेच चाललं होतं.

पण आठवड्याभरात फरक पडला खरा. मास्तरांना जरा हलकं वाटू लागलं. फक्त एक चमत्कारिक गोष्ट व्हायला लागली. शिकायला येणारी मंडळी अचानक बिघडली. बँकेतली एक बाई, जी महिनाभर सरळ चालवत होती, ती हिरव्या सिग्नलला भर चौकात थांबली. मास्तर चिडले. ती म्हणाली, मी काहीच केलं नाही. दुसरा एक निवृत्त गृहस्थ रिकाम्या रस्त्यात गचके खायला लागला, आणि तोही म्हणे मी काहीच केलं नाही. मास्तरांनी एक मोठा सुस्कारा सोडला, तेव्हा गाडी पुन्हा गचकन थांबली. हल्ली लोक चूक कबूल करत नाहीत, असं मास्तरांनी रात्री जेवताना सांगितलं.

बायकोने ताटातून मान वर केली. "अहो, हे सांगतानाही तुम्ही सुस्कारा सोडलात आणि टेबलाखाली माझा पाय चेंगरलात. तुम्ही श्वास सोडता आणि पाय दाबता."

मास्तर हसले. म्हणाले, बावीस वर्षं हा पाय माझ्या शब्दाबाहेर गेलेला नाही.

हे वाक्य बायकोपुढे बोलायला नको होतं. कारण त्या पायाशी तिचा जुना हिशेब होता. ती रुग्णालयात नर्स. अठरा वर्षं वॉर्डात उभी राहून गुडघे कामातून गेलेले. आता तिला घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची शुश्रूषा करायचं काम मिळत होतं. दिवसाची वेळ, बसून करायचं काम, आणि रुग्णालयाची गाडी. अट एकच, सोमवारी हातात लायसन पाहिजे. गाडी तिला छान यायची. पण परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. त्यांच्या गावचा नियम असा, की परीक्षेला शिकवणारा शेजारी बसतो, परीक्षक मागे. आणि शिकवणाऱ्याने आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला की गाडीत भोंगा वाजतो. एरवी तो बंद असतो, परीक्षेच्या दिवशी चालू करतात. भोंगा वाजला की नापास, मग कारण काहीही असो. पहिल्या खेपेला मांजर आडवं गेलं. बायकोने ते आधीच पाहून गाडी हळू केली होती, तरी मास्तरांचा पाय गेलाच. दुसऱ्या खेपेला तर मांजरही नव्हतं. त्यावर मास्तरांचं म्हणणं, की काळजी होती म्हणून दाबला. ती काळजी तिला सहा-सहा महिन्यांना पडली होती, कारण नापास झालं की सहा महिने पुन्हा बसता येत नाही.

म्हणून या तिसऱ्या खेपेला तिने मास्तरांच्याच मोटार-शाळेतल्या धाकट्या मास्तरांना शेजारी बसायला सांगितलं होतं. मास्तरांना राग आला, पण कॉर्टिसॉलच्या भीतीने त्यांनी तो गिळला. आणि शुक्रवारी सकाळी, परीक्षेला तासभर असताना, धाकट्या मास्तरांचा फोन आला. मोजे घालायला वाकले ते वाकलेलेच राहिले होते. कंबर धरली होती.

बायकोने पांढरी ओढणी खांद्यावर नीट केली आणि म्हणाली, "चला." तिचा आवाज मात्र जरा कापला, आणि मास्तरांनी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली.

परीक्षक बाई वक्तशीर होत्या. कानामागे पेन्सिल, मांडीवर कागद, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्या मागे बसल्या आणि त्यांनी निघा म्हटलं. बायकोने आरसा पाहिला, गाडी काढली. मास्तरांनी मनाशी पक्कं केलं, आज शांत राहायचं. शांत राहायचं म्हणजे अर्थातच श्वास. त्यांनी छाती भरून श्वास आत घेतला. उजवा पाय आपोआप वर उचलला गेला. पहिलं वळण आलं. मास्तरांनी श्वास सोडायला सुरुवात केली आणि पाहिलं, तर पाय खाली निघालेला. ब्रेकच्या दिशेने. संथ, शिस्तीत, इतके दिवस शिकवल्याप्रमाणे.

मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी श्वास मधेच रोखला, पाय मधेच थांबला. बँकेतली बाई आठवली, निवृत्त गृहस्थ आठवला, टेबलाखालचा चेंगरलेला पाय आठवला. म्हणजे ही खरंच बोलत होती! श्वास सोडावा तर बायको नापास, न सोडावा तर आपण निळे. तोंड लाल झालं, डोळे बाहेर आले. शेवटी त्यांनी बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. बूट काढले, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले. मग कुठे श्वास सोडला. पाय मांडीतल्या मांडीत दाबला गेला, पण तिथे ब्रेक नव्हता.

जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच गाडीत आवाज झाला. 'पीं.'

बायकोचे खांदे खाली आले. मागून कागद सरकल्याचा आवाज आला आणि परीक्षक बाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही पाय लावलात."

"नाही लावला, बाई. पाय माझ्याजवळच आहेत," असं म्हणून मास्तरांनी उजवा पाय दोन सीटांच्या मधून मागे दाखवला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. अंगठा परीक्षक बाईंकडे बघत राहिला.

"मग वाजलं काय?"

"माझं हृदय," मास्तर म्हणाले, आणि घड्याळाचा हातही मागे केला. त्याच वेळी ते पुन्हा वाजलं.

परीक्षक बाई काही क्षण अंगठ्याकडे आणि काही क्षण घड्याळाकडे पाहत राहिल्या. मग हातात घेतलेली पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली आणि सरकून बायकोच्या मागे जाऊन बसल्या, म्हणजे मास्तरांची मांडी तिरकी दिसत राहील. म्हणाल्या, पाय खाली आले तर मला दिसतील, चालू द्या.

पुढची पंचवीस मिनिटं मास्तरांनी जे भोगलं ते कुणाला सांगून पटणार नाही. गोदामाच्या फाटकातून एक ट्रक मागे मागे येत थेट रस्त्यात आला. मास्तरांच्या दोन्ही पायांनी उसळी घेतली, पण मांडी घट्ट बसली होती आणि सोडवायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात, म्हणजे पायात, काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. घड्याळ एकसारखं पीं पीं करू लागलं. डोळे उघडले तेव्हा गाडी ट्रकपासून चांगली तीन हात लांब उभी होती, गचका नाही की काही नाही, आणि बायको शांतपणे ट्रकवाल्याला हाताने 'या तुम्ही' म्हणत होती. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. हिला येतं, त्यांच्या मनात आलं. हिला आधीपासूनच येत होतं. दोन्ही वेळा नापास झालो ते आपण. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

बायको पास झाली. परीक्षक बाईंनी कागद दिला आणि जाता जाता मास्तरांना मोजे बदलायला सांगितलं. मास्तरांनी मान खाली घालून बायकोची माफी मागितली. तसं ते माफीबिफी मागणाऱ्यातले नव्हेत, त्यामुळे शब्द जरा अडखळले. तिने कागद दोनदा वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली, "तुमचे पाय वर पाहिले ना, तेव्हा कुठे वाटलं की गाडी मी चालवतेय."

मास्तर नेहमीप्रमाणे म्हणाले, बरं, आता सरक, मी घेतो गाडी. पण अर्धा तास मांडी घातलेली. कमरेखाली मुंग्याच मुंग्या. पाय आपले की शेजाऱ्याचे हे समजेना. मग बायकोनेच गाडी घरी आणली. पाय उपयोगाचे नव्हते, त्यामुळे मास्तर नुसते टेकून बसले. पुलापर्यंतचं त्यांना आठवतं, पुढचं काही आठवत नाही.

पंधरा दिवस संपले, तेव्हा घड्याळातला आलेख डॉक्टरांना दाखवायला ते दोघं गेले. शुक्रवारी दहा वाजताचा आलेख पाहून डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या मागे कुणी लागलं होतं का? मास्तर म्हणाले, ट्रक. मग डॉक्टरांचं बोट पुढे सरकलं आणि एका जागी थांबलं. तिथे रेघ अगदी खाली, सपाट पडली होती. ते म्हणाले, अहो, हे वाखाणण्यासारखं आहे, पंधरा दिवसांत एवढी शांत वीस मिनिटं दुसरी नाहीत. या वेळी कोणता उपाय करत होता?

मास्तरांनी छताकडे पाहिलं. बायको म्हणाली, "झोपले होते. मी गाडी चालवत होते."

डॉक्टरांनी लगेच कागद ओढला आणि लिहून दिलं: हेच, रोज, वीस मिनिटं.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता बायको आपल्या पहिल्या रुग्णाकडे निघते. शेजारच्या सीटवर मास्तर मांडी घालून, तोंड उघडं टाकून झोपलेले असतात. वीस मिनिटांनी ती त्यांना हलवून जागं करते, उतरवते आणि पुढे जाते. तिथून घर चालत पावणेदोन तासांच्या वाटेवर आहे. मास्तरांनी एकदा भीत भीत विचारलं, की येताना मला घ्यायला येशील का? ती म्हणाली, डॉक्टरांनी चालायलाही सांगितलंय.