फुलांच्या रस्त्यावर टोमॅटो

साधनाबाईंनी सांगितलेलं खत ट्रॅक्टरवाल्या दादाभाऊंनी ट्रॉली भरून वेळेवर आणून टाकलं. ते त्यांनी बाजारामागच्या उकिरड्यातून उचललं होतं आणि तिथे हंगामभर सडके टोमॅटो पडत होते, एवढंच सांगायचं राहिलं.

साल २००२. वारूळवाडीच्या स्टँडपासून ओढ्याच्या पुलापर्यंत दोन्ही कडांना झेंडू लावायचा आणि सुंदर गाव स्पर्धेत पहिला नंबर काढायचा, असं हायस्कूलमधल्या साधनाबाईंनी ठरवलं होतं. त्या ऑक्टोबरात निवृत्त होणार होत्या. "जाण्याआधी गावाला फुलं लावायला शिकवेन," असं भर ग्रामसभेत बोलून बसल्या होत्या. बारा बायकांनी जूनअखेर रोपं लावली. पंधरा दिवसांनी झेंडूच्या मध्ये टोमॅटो उगवले.

"उपटा," बाई म्हणाल्या.

बायकांनी कुशाबाईंकडे पाहिलं. त्यांची चाळीस वर्षं खुरपणीत गेलेली.

"तण दावा, मुळासकट काढते. टोमॅटोला खुरपं लावायला हात न्हाई व्हायचा माजा."

"कुशाबाई, इथं टोमॅटो हेच तण आहे!"

"हळू बोला बाई. पिकाम्होरं आसं बोलू नाय."

बाई आठ दिवस प्रशिक्षणाला गेल्या. परतल्या, तर रस्त्याच्या कडेला बांबू रोवलेले, तार ओढलेली आणि सुतळीने बांधलेले टोमॅटो ताठ उभे.

"दादाभाऊ, हे काय?"

"लोळत व्हते वो. बघवंना. आता एक फवारा मारला की—"

"खबरदार! शाळेची पोरं जातात इथून."

दादाभाऊंनी पंप घरी नेला. झेंडू फुलला आणि परीक्षणाच्या आदल्या दिवशी बाईंना दिसलं की फुलाफुलात अळी आहे. पाकळ्या कुरतडलेल्या, कळ्यांना भोकं.

"पर टोमॅटोला एक डाग न्हाई," दादाभाऊ अभिमानाने म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते ट्रॅक्टर तिथेच सोडून चालत घरी गेले.

परीक्षक म्हणून एक निवृत्त कृषी अधिकारी आले. ते निम्मा रस्ता वाकून चालले. मग त्यांनी एक फूल उकललं आणि आतली अळी तळहातावर घेतली.

"हे नियोजन कुणाचं?"

"माझंच," बाई खाली मान घालून म्हणाल्या. "साहेब, चूक—"

"आधी झेंडू, पंधरा दिवसांनी टोमॅटो. अळी फुलावर गेली, फळ वाचलं. फवारण्या किती?"

"एकही नाही."

"एकही नाही!" साहेब म्हणाले. "बावीस वर्षं मी तालुकाभर हेच सांगत फिरलो, बाई. एकानं ऐकलं नाही."

बाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. साहेबांचे डोळे भरलेले पाहून मिटलं.

सुंदर गावाचा पहिला नंबर येडगावला गेला. वारूळवाडीला विशेष ढाल मिळाली, फवारणीविना कीड नियंत्रणाची. प्रमाणपत्रात फुलांचा उल्लेख एकदाच होता: 'सापळा पीक'. बाई दोन दिवस त्या रस्त्याने गेल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊ पाटीभर टोमॅटो घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, भाजीला आणलेत."

"किडके नाहीत ना?"

"किडत्याल कशे? झेंडू कुनाचाय!"

बाईंनी हसू दाबायचा बराच प्रयत्न केला. मग पाटी आत घेतली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी गावात टोमॅटो किती लागणार? तेवढा झेंडू धरायला हवा."